इंग्लिश खाडीची रिले: सहा जणांच्या संघाने थंड पाण्याची तयारी कशी करावी

इंग्लिश खाडी एकट्याने पोहणं वेगळं आणि सहा जणांच्या रिलेत पोहणं वेगळं. एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करायच्या म्हणून पहिल्यांदा उतरणारे संघ बहुधा इथेच फसतात. एकटा पोहणारा एकदा पाण्यात शिरला की बाहेर येतो तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरच. रिलेत प्रत्येक जण एक तास पोहतो, मग पाच तास डुलत्या बोटीवर ओल्या केसांनी बसतो आणि पुन्हा त्याच पाण्यात उडी मारतो, कित्येकदा अंधारात. पहिला तास बहुतेकांना जमतो. खरी कसोटी दुसऱ्या फेरीची. त्यामुळे सराव आखताना किती किलोमीटर पोहलो याइतकंच महत्त्व गारठलेलं अंग पुन्हा गरम करून परत पाण्यात उतरण्याला द्यायला हवं.

आधी नियम नीट समजून घ्या

इंग्लंडमधल्या डोव्हरजवळच्या शेक्सपिअर बीचपासून किंवा सॅम्फायर हो इथून फ्रान्सच्या काप ग्री-ने टोकापर्यंत सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात कोणीही सरळ रेषेत जात नाही. दर सहा तासांनी भरती-ओहोटीचा प्रवाह दिशा बदलतो, पोहणारा एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलला जातो आणि नकाशावरची वाट वळणावळणाची होते. रिलेला साधारण १२ ते १६ तास लागतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन फेऱ्या नक्की, तिसरीही येऊ शकते.

मॅथ्यू वेब १८७५ मध्ये २१ तास ४५ मिनिटांत खाडी पोहून पार करणारा पहिला माणूस ठरला. तेव्हाचा साधेपणा आजही टिकून आहे: साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल, अंगाला ग्रीस. वेटसूट चालत नाही. पोशाखाला बाह्या नकोत, पाय झाकणारा नको, आणि कापड ऊब देणारं किंवा तरंगायला मदत करणारं नको. मिहिर सेन १९५८ मध्ये आणि आरती साहा १९५९ मध्ये याच अटींवर पोहले. पुण्याच्या रोहन मोरेने ही खाडी धरून जगातल्या सात अवघड सागरी वाटा २०१८ मध्ये पूर्ण केल्या आणि तसं करणारा तो पहिला आशियाई ठरला. आपल्याकडच्या कोमट पाण्यात वाढलेल्या शरीरालाही थंडीची सवय लावता येते. ती लावायला महिने मात्र द्यावे लागतात.

रिलेचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. पोहण्याचा क्रम सुरुवातीला ठरतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. प्रत्येकाने पूर्ण एक तास पोहायचं. पाण्यात असताना बोटीला किंवा बोटीवरच्या माणसाला हात लावायचा नाही. पुढच्याने उडी मारून आधीच्याच्या मागून यायचं आणि त्याला ओलांडून पुढे जायचं. एकालाही आपली फेरी पूर्ण करता आली नाही, तर सगळ्या संघाचं पोहणं तिथेच थांबतं. बदली खेळाडू घालता येत नाही. तेव्हा संघ निवडताना सर्वांत वेगवान सहा शोधू नका. थंडी सोसणारे, उलट्या झाल्या तरी पाण्यात उतरणारे आणि वेळेवर सरावाला येणारे सहा शोधा.

चॅनल स्विमिंग असोसिएशन आणि चॅनल स्विमिंग अँड पायलटिंग फेडरेशन या दोन संस्था अधिकृत निरीक्षक देतात आणि नोंद ठेवतात. दोन्हींना डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं आणि थंड पाण्यातली पात्रता पोहून दाखवावी लागते. रिलेसाठी ती साधारणपणे १६ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात दोन तासांची असते. दोन संस्थांच्या अटींत बारीक फरक आहेत, म्हणून नोंदणी केली त्याच दिवशी त्या वर्षाची नियमावली उतरवून घ्या आणि सहाही जणांना वाचायला लावा.

बोटीची तारीख दोन-दोन वर्षं आधी घ्यावी लागते. मिळतो तो एक दिवस नसून आठवड्याभराचा काळ असतो, शक्यतो भांगाच्या भरतीचा, कारण उधाणाच्या मानाने तेव्हा प्रवाहाचा जोर कमी असतो. नेमका दिवस पायलट, म्हणजे सोबतच्या बोटीचा चालक, हवामान बघून ठरवतो आणि फोन कधी कधी काही तास आधीच येतो. भारतातून जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट या आठवड्याला चिकटून काढू नये. वारा पडला नाही तर आठवडा कोरडा जातो. असं दरवर्षी कितीतरी संघांचं होतं.

डॉक्टरकडे काय विचारायचं

फॉर्मवर सही घेण्यापुरतं जाऊ नका. उच्च रक्तदाब, हृदयाची अनियमित गती, दमा, फिट्स, थंडीत बोटं पांढरी पडणं यांपैकी काहीही असेल तर स्पष्ट सांगा. थंड पाण्यात शिरताच रक्तदाब आणि हृदयाचे ठोके एकदम वाढतात, म्हणून चाळिशीपुढच्यांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी. आणखी एका गोष्टीची माहिती पोहणाऱ्यांना फारशी नसते: पोहताना फुप्फुसात पाणी साचणं. हे नाकातोंडात गेलेलं पाणी नव्हे, शरीरातलंच द्रव फुप्फुसात उतरतं. दम न जुळणं, सतत खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेसाळ थुंकी ही त्याची लक्षणं. ती दिसली की पोहणं त्याच क्षणी थांबवायचं, माणसाला पाण्याबाहेर काढून बसतं ठेवायचं, आडवं करायचं नाही आणि इस्पितळात न्यायचं. एकदा झालेल्याला पुन्हा होऊ शकतं, त्यामुळे त्याने डॉक्टरांच्या परवानगीवाचून पाण्यात परतू नये.

जानेवारी ते एप्रिल: टँकमधला पाया

ऑगस्टच्या खाडीसाठी जानेवारीत सुरुवात केली तर पुरतं, पण तेव्हा तुम्हाला न थांबता तीन किलोमीटर फ्रीस्टाइल पोहता यायला हवं. ते सव्वा तासाच्या आत झालं तर उत्तम. त्याहून फार जास्त वेळ लागत असेल तर पुढच्या वर्षीची तारीख घ्या. वेग फार कमी पडला की प्रवाह तुम्हाला जागच्या जागी धरून ठेवतो आणि सगळ्या संघाचे तास वाढतात.

आठवड्यात तीन दिवस टँक. जानेवारीत एकूण आठ किलोमीटर, एप्रिलअखेर चौदा-पंधरा. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको आणि दर चौथ्या आठवड्यात पल्ला एक तृतीयांश कमी करायचा. एका दिवशी ४०० मीटरचे आठ ते दहा तुकडे, मधे वीस सेकंद, सगळे एकाच वेगात. शेवटचा तुकडा पहिल्यापेक्षा दहा सेकंदांहून हळू झाला, तर सुरुवात जोरात झाली होती. दुसऱ्या दिवशी १०० मीटरचे वीस ते तीस तुकडे थोड्या जास्त वेगात, मधे पंधरा सेकंद. तिसऱ्या दिवशी सलग ताशी पोहणं: फेब्रुवारीत एक तास, एप्रिलमध्ये दोन.

श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायची सवय याच काळात लावा. खाडीत बोट तुमच्या एका बाजूला असते. लाट किंवा डिझेलचा धूर तिकडून आला की श्वासाची बाजू बदलावी लागते आणि ज्याला ते येत नाही तो तासभर खारं पाणी आणि धूर गिळतो.

खांदे दुखू लागले की बहुतेक जण पल्ला कमी करतात आणि बरं वाटलं की पुन्हा तेच चालू करतात. मूळ कारण बहुधा हात पाण्यात आत टाकताना मध्यरेषा ओलांडण्यात किंवा अंगठा आधी घुसवण्यात असतं. कोणाकडून तरी समोरून व्हिडिओ काढून घ्या. शिवाय रबरी पट्टा दाराला बांधून कोपर कमरेशी टेकवून हात बाहेर फिरवण्याचे १५चे तीन सेट, आठवड्यातून तीनदा करा. दहा मिनिटांचं काम आहे.

हे सगळं करताना एक आकडा वहीत लिहून ठेवा: प्रत्येकाचे मिनिटाला किती हात पडतात. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. समुद्रात हाच आकडा थंडीची पहिली खूण देतो. नेहमी ६२ हात मारणारा ५५ वर आला, तर त्याचं अंग गार पडू लागलं आहे, तो स्वतः काहीही म्हणो.

थंडीची सवय: पायरीपायरीने

पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्याचा परिणाम तीन टप्प्यांत होतो आणि तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे.

पहिली दोन-तीन मिनिटं धसक्याची: श्वास एकदम आत ओढला जातो, मग धाप लागते. तोंड पाण्याखाली असताना ती पहिली उसासी आली तर पाणी थेट छातीत जातं. थंड पाण्यातले कितीतरी मृत्यू या टप्प्यात होतात, अंग गार पडून नव्हे. समाधानाची गोष्ट अशी की हा धसका फार लवकर कमी होतो. काही मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर तो निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. पाण्यात चालत शिरा, मानेवर आणि चेहऱ्यावर पाणी मारा, लांब श्वास बाहेर सोडा, श्वास आटोक्यात आल्यावरच तोंड पाण्यात घाला.

दुसरा टप्पा हातांचा. दहा ते तीस मिनिटांत हाताचे स्नायू आणि नसा गार पडतात, बोटं फाकतात आणि पंज्यासारखी आखडतात, हात पाणी धरत नाही. यावर उपाय म्हणजे वेग न सोडणं. रिलेत एकच तास पोहायचं असल्याने जरा जोरात पोहणं परवडतं, आणि तेच ऊब देतं.

तिसरा टप्पा अर्ध्या तासानंतरचा: शरीराच्या आतलं तापमान उतरायला लागतं. ते ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. जीभ अडखळते, विनाकारण चिडचिड होते, हात पडण्याचा आकडा उतरतो, साध्या प्रश्नाला उत्तर यायला वेळ लागतो. काठावरच्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी एखादा प्रश्न विचारावा, तोही 'ठीक आहेस का?' असा नको. त्याला सगळे 'हो' म्हणतात. 'आज वार कोणता?', 'तुझ्यानंतर कोण उतरणार?' असं विचारा.

डोव्हर बंदरात पाणी मे महिन्यात साधारण ११-१२ अंश, जूनच्या मध्यावर १४, जुलैत १६, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये १७-१८ असतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी एप्रिल-मेपासून जवळच्या समुद्रात किंवा तलावात आठवड्यातून निदान दोनदा उतरावं. मेमध्ये १०, १५, २० मिनिटं. जूनमध्ये अर्ध्या तासापासून तासापर्यंत. जुलैत सलग दीड तास आणि जुलैच्या शेवटी पात्रतेचे दोन तास. एका वेळी वेळ वाढवायची किंवा थंडी, दोन्ही एकदम नाही. पाणी अचानक दोन अंशांनी उतरलं असेल तर त्या दिवशी आधीच्या पायरीवर या. एकट्याने कधीही उतरू नका आणि कमरेला भडक रंगाचा फुगा बांधा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची अडचण निराळी. धरमतर ते गेटवे हे सुमारे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणं दमासाठी, लाटांसाठी आणि रात्रीच्या सुरुवातीसाठी फार चांगलं. पण मुंबईचं पाणी कोमट, टँकचं त्याहून कोमट. थंडीची सवय त्यातून लागत नाही. घरी किंवा क्लबवर बर्फाचा टब करा. हिशेब असा: नळाचं पाणी २६ अंश असेल तर १५० लिटर पाणी १४ अंशांवर आणायला १९ किलो बर्फ लागतो. टबाची आणि शरीराची उष्णता धरून २२ ते २५ किलो आणा. लादी फोडून टाका, ढवळा, थर्मामीटरने बघा, मगच बसा. पहिल्या आठवड्यात १८ अंशांत पाच मिनिटं, तिथून सहा आठवड्यांत १४ अंशांत पंधरा ते वीस मिनिटांपर्यंत. शेजारी घड्याळ घेतलेला माणूस हवाच. डोकं बुडवायचं नाही. यातून धसका मोडतो, बोटं बधिर झाल्यावर कसं वाटतं ते कळतं. पण टबात गप्प बसणं म्हणजे थंड पाण्यात पोहणं नव्हे, आणि काही जण हा टब पुरेसा मानून डोव्हरला चार दिवस आधी पोहोचतात. तारखेच्या निदान तीन आठवडे आधी जा आणि बंदरात रोज उतरा. पात्रतेचं पोहणंही तिथेच करायचं असेल तर पाच-सहा आठवडे हाताशी ठेवा.

वजन वाढवण्याबद्दल बरंच बोललं जातं. बारा-बारा तास एकट्याने पोहणाऱ्याला चरबी कामाची आहे. रिलेसाठी मुद्दाम पाच-सात किलो वाढवायची गरज नाही. या वर्षभरात वजन उतरू देऊ नका, एवढं पुरे.

दुहेरी फेरी: सर्वांत महत्त्वाचा सराव

जुलैपासून पंधरा दिवसांतून एकदा, सगळ्या संघाने मिळून: एक तास पोहणं, बाहेर येऊन कपडे, खाणं, तीन ते चार तास उघड्यावर वाऱ्यात बसणं, आणि पुन्हा एक तास. गाडीत हीटर लावून बसायचं नाही, कॅफेत जायचं नाही. घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ करून परत आलात, तर त्या सरावाला अर्थ नाही. यातला एक सराव पहाटे अंधारात सुरू करा.

दुसऱ्यांदा उतरताना पहिल्यापेक्षा पाणी जास्त थंड वाटतं. भास नसतो तो. पहिल्या तासातली ऊब पुरती भरून आलेली नसते, पोटातला साठा कमी झालेला असतो. या सरावातच कळतं की कोणाला तीन तासांनंतरही हुडहुडी आहे, कोणाचं जेवण अपुरं पडलं आणि कोणाचे कपडे कमी आहेत. अशा माणसाला संघातून काढायची घाई करू नका. बहुतेक वेळा दोष पाण्याबाहेर आल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांत असतो.

त्या दहा मिनिटांचं कारण समजून घ्या. पोहताना हातापायांचं रक्त गारठलेलं असतं. बाहेर आल्यावर ते आत परततं आणि आतलं तापमान पुढची दहा ते तीस मिनिटं उतरतच राहतं. म्हणूनच माणूस बोटीवर चढतो तेव्हा हसत असतो आणि पंधरा मिनिटांनी त्याला कपही धरता येत नाही. बोटं कामं करताहेत तोवर कपडे चढले पाहिजेत.

पिशवी उलट्या क्रमाने भरा: जे आधी लागणार ते सर्वांत वर. वर टॉवेल, त्याखाली ढगळ थर्मल बनियन, मग लोकरी स्वेटर, मग जाड कोट, मग कानटोपी. त्यानंतर पायजमा, दोन जोड मोजे, हातमोजे, बूट. बटणं, नाड्या, घट्ट जीन्स काही नको. ओला पोशाख आधी काढायचा, अंग टिपायचं, घासायचं नाही. आधी छाती-पोट झाकायचं, मग डोकं, मग पाय. सहा जणांच्या सहा वेगळ्या रंगांच्या पिशव्या ठेवा, दर फेरीला वेगळा कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून. मग गरम गोड पेय, घोट घोट. गरम पाण्याची पिशवी कपड्यांवरून, उघड्या त्वचेवर नाही, कारण बधिर त्वचेला चटका कळत नाही. दारू तर नाहीच. गरम शॉवरखाली लगेच उभं राहिलं की त्वचेकडे रक्त धावतं, रक्तदाब पडतो आणि माणूस चक्कर येऊन कोसळतो.

बोटीवरचे पाच तास

बोट लागणं हा रिलेचा मोठा शत्रू. पायलटची बोट पोहणाऱ्याच्या वेगाने, म्हणजे चालण्याहूनही हळू जाते आणि त्यामुळे सतत डुलते. उलट्यांनी पोटातलं अन्न आणि पाणी गेलं की ऊब निर्माण करायला काही उरत नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि सरावाच्या दिवशी आधी घेऊन बघा, काहींनी फार झोप येते. पहिली गोळी बोटीवर चढण्याच्या बऱ्याच आधी हवी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आत केबिनमध्ये मोबाइल बघत बसू नका, क्षितिजाकडे नजर ठेवून मोकळ्या हवेत बसा. आलेपाकाच्या वड्या खिशात असाव्यात.

खाणं पोहून झाल्यावर अर्ध्या तासात सुरू करा आणि पुढच्या फेरीआधी दीड तास थांबवा. थर्मासमध्ये मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ खिचडी, दशमी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, केळं, साधी बिस्किटं. तिखट, तळकट आणि जास्त दूध नको, ते लाटांवर पोटात टिकत नाही. मीठ लागून जीभ सुजते, त्यासाठी माउथवॉश तिप्पट पाण्यात मिसळून ठेवा.

पाळीचा शेवटचा अर्धा तास असा घालवा. तीस मिनिटं आधी लघवी करून या आणि कोटाखाली पोशाख घाला. वीस मिनिटं राहिली की काखेत, मानेच्या मागे आणि पट्ट्यांच्या कडांना व्हॅसलीन किंवा लॅनोलिनचं ग्रीस लावा, पण दुसऱ्याने, हातमोजा घालून. तुमच्याच बोटांचं ग्रीस गॉगलच्या काचेला लागलं तर तासभर धुकं. दहा मिनिटं: रबरी टोपी, गॉगल, रात्र असेल तर टोपीला आणि पाठीमागे पोशाखाला चमकणाऱ्या कांड्या. गॉगलचे दोन जोड हवेत, रात्रीसाठी पारदर्शक. पाच मिनिटं: कोट अंगावर ठेवूनच बोटीच्या मागच्या फळीवर उभे राहा. निरीक्षकाने खूण केली की कोट काढायचा, गॉगल हाताने दाबून पाय खाली करून उडी मारायची, डोक्यावर कधीही नाही. मागून येऊन आधीच्याला ओलांडायचं. तो ओलांडला गेल्यावरच शिडीकडे वळतो. बंदरात हा बदल निदान सहा-सात वेळा करून बघा. घाईत पुढे उडी मारली, तर निरीक्षक ती धरणार नाही.

पोहणाऱ्याला वेळ कळावी म्हणून अर्धा तास, पंचेचाळीस आणि पंचावन्न मिनिटांना पाटी दाखवा. बोटीपासून पाच-सात मीटरवर, तिच्या मध्यभागाच्या समांतर राहा. पुढे गेलात तर पायलटला दिसत नाही, मागे पडलात तर धुरात सापडता. डोकं उचलून फ्रान्स शोधू नका. तो तासन् तास तेवढाच लांब दिसतो.

रात्रीच्या फेऱ्या कोणाला येणार हे क्रमावरून आधीच कळतं. ऑगस्टच्या मध्यावर तिथे पहाटे पावणेसहाच्या सुमारास उजाडतं. पहाटे दोनला सुरुवात झाली तर पहिले चौघे अंधारात, आणि पहिल्याची दुसरी फेरी सकाळी आठला. संध्याकाळी सुरुवात झाली तर सगळं उलटतं. वेगवेगळ्या वेळांचे तीन तक्ते करून ठेवा. पहिल्या क्रमांकावर शांत डोक्याचा माणूस हवा: त्याला बोटीवरून उडी मारून किनाऱ्यावर जायचं असतं, पाण्याच्या रेषेबाहेर उभं राहायचं असतं आणि भोंगा वाजला की निघायचं असतं, बहुधा काळोखात. थंडीला सर्वांत कच्चा असलेल्याला शक्यतो पाचव्या-सहाव्या जागी ठेवा, म्हणजे तिसरी फेरी त्याच्यावर येण्याची शक्यता कमी.

खाडीच्या मधोमध, येणाऱ्या आणि जाणाऱ्या जहाजांच्या मार्गांमधल्या पट्ट्यात जेलीफिश आणि वाहून आलेला कचरा जास्त भेटतो. डंख झाला तर थांबू नका, हात मारत राहा. बोटीवर आल्यावर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास अडला तर ती ॲलर्जी आहे, तिथे वाट बघायची नसते. ज्याला आधी अशी ॲलर्जी झाली आहे त्याची औषधं निरीक्षकाला आधीच दाखवून ठेवा.

देणग्यांचा हिशेब

बोट, नोंदणी, प्रवास आणि राहणं यांचा खर्च हजारो पौंडांत जातो. तो संघाने स्वतः किंवा जाहीरपणे वेगळ्या प्रायोजकाकडून करावा. लोकांनी रुग्णालयासाठी किंवा शाळेसाठी दिलेल्या पैशातून बोटीचं भाडं जात असेल, तर ते देणगीच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं पाहिजे. शिवाय हवामानामुळे पोहता आलं नाही किंवा अर्ध्यावर थांबावं लागलं, तरी पैसे संस्थेलाच जातील, हेही आधीच सांगून टाका.

ब्रिटनमधल्या नोंदणीकृत संस्थेसाठी पैसे जमवत असाल तर तिथे कर भरणाऱ्या देणगीदाराला गिफ्ट एडची खूण करायला सांगा. दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स जास्त मिळतात. महाराष्ट्रातल्या संस्थेला परदेशातून थेट पैसे पाठवायचे असतील तर तिच्याकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी) आणि त्यासाठीचं स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतलं खातं आहे का, हे पहिल्या दिवशी विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची मात्र धरली जाते, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. भारतातल्या देणगीदारांना प्राप्तिकरात सवलतीसाठीची (८०जी) पावती हवी असेल तर दोन हजार रुपयांवरची रक्कम रोख घेऊ नका.

शेवटचे दहा दिवस आणि परतीची बोट

शेवटच्या दहा दिवसांत पल्ला निम्म्यावर आणा, पण थंड पाण्यात रोज पंधरा-वीस मिनिटं उतरत राहा. पासपोर्ट बोटीवर सोबत ठेवा. फोन येईल तेव्हा भरायला वेळ नसतो, म्हणून पिशव्या आठवड्याच्या सुरुवातीलाच भरून दाराशी ठेवा आणि झोप दिवसाही घ्या.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्या वेळी पाण्यात असलेला एकच जण चालत बाहेर जातो. बाकीच्यांना त्याच्यासोबत पोहून यायचं असेल तर पायलट आणि निरीक्षकाला आधी विचारा, आणि नियमात बसत असेल तरच त्याच्या मागे राहा. मग डोव्हरपर्यंत दोन-तीन तासांचा प्रवास असतो. त्या वेळी सगळे आनंदात असतात आणि शेवटी पोहलेला माणूस ओल्या कपड्यांत फोटोसाठी उभा राहतो. आधी त्याला कोरडं करा, कानटोपी घाला, जवळ एक जण बसवा आणि निदान अर्धा तास झोपू देऊ नका. हुडहुडी भरलेली असते तोवर शरीर लढत असतं. अंग गार असूनही ती थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर पायलटला लगेच सांगा, म्हणजे तो तटरक्षक दलाशी बोलून पुढची मदत मागवेल.